पाठीमागचा हात

४ फेब्रुवारी
पोचले एकदाची. खोली लहान, पण खिडकी ऐसपैस, आणि भिंतीत उभ्यानं लिहिता येईल अशी एक फळी. आईला आवडेल. शाळेच्याही आधी तिनं मला घरी अक्षरं गिरवायला लावली, ती पाठीला पट्टी लावून. वाकलं की टोचायची.

वृद्धाश्रमाच्या मोठ्या बाईंनी लगेच काम समजावलं. वय झालं की डोळे, कान, तळपाय थोडं थोडं खोटं सांगू लागतात, म्हणून माणूस उभ्या उभ्या डुलतो. व्यायामाच्या वेळी आपण मागे राहायचं. तळहात पाठीशी धरायचा, लावायचा नाही. कुणी पडायलाच लागलं तर धरायचं. उगाच हात लावला तर शरीर आपला भार तिथे ठेवून देतं, असं त्या म्हणाल्या.

७ फेब्रुवारी
शिंपीणआजींशी गट्टी जमली. जन्मभर मशीनवर वाकून पाठीचा आकडा झालाय, त्यांना फक्त फरशी दिसते. म्हणाल्या, देव भेटला तरी आधी त्याच्या चपला दिसतील, आणि मी मान वर करेपर्यंत तो निघून जाईल. त्यांना भेटायला कुणी येत नाही.

आज डोळे मिटून उभ्या असताना त्या डुलल्या. पडत नव्हत्या, मला कळत होतं. तरी मी हात टेकवला. आजी रडायलाच लागल्या. म्हणाल्या, पाठीला कुणाचा हात लागून किती वर्षं झाली गं पोरी.

मोठ्या बाईंना सांगायला हवं. उद्या सांगते.

१० फेब्रुवारी
सांगितलं नाही. आजी आज बऱ्याच ताठ उभ्या राहिल्या, म्हणून बाईंनी माझंच कौतुक केलं.

खोलीत आल्यावरही तळहातावर वजन जाणवतं. कोमट, पाठीएवढं. तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि तोल पुढे गेला, कपाळ नळावर आपटलं.

१३ फेब्रुवारी
बाईंना सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. मला म्हणाल्या, जेवत नाहीस वाटतं, एवढी वाकून का उभी आहेस?

संध्याकाळी आजी व्हरांड्यातून भिंत न धरता आल्या. पहिल्यांदाच त्यांचे डोळे बघितले. माझ्याकडे खाली बघून म्हणाल्या, केवढीशी गं तू.

१५ फेब्रुवारी
आता मीच भिंत धरून चालते. आईला फोन केला. ती म्हणाली, पाठ सरळ ठेव. इथं मला कुणाचा हात लागलेला नाही. आल्यापासून एकदाही नाही.

१६ फेब्रुवारी
फक्त फरशी. माणसं चपलांवरून ओळखते.

१७ फेब्रुवारी, दुपार
दाराशी चपला. निळ्या पट्ट्याच्या. आजींच्या.

म्हणाल्या, व्यायामाची वेळ झाली. फळीपाशी उभी राहा. डोळे मिट. रोजचं लिहितेस ना, तसंच लिही, मी आहे मागे.

डोळे मिटलेत. ओळी वाकड्या जात असतील —

डुलतेय. फळी कुठे — नाही, सापडली —

तळहात आहे मागे. ऊब लागते पाठीला. हात लागत नाही.

म्हटलं, आजी, टेकवा ना. म्हणाल्या, नाही गं बाळा, तुमचा नियम आहे ना.

पडतेय मी. खरंच पडते — आजी, नुसतं बोट तरी ला