दोन्ही कॉटर एका बाजूनं

आबा, तुमची सायकल उद्या घराबाहेर जाणार. मागच्या गल्लीतल्या गवळ्याला हवी आहे, दुधाच्या किटल्या लावायला. इतकी वर्षं ती बोळात उभी होती. येताजाता तिला पदर अडकायचा आणि मी तिला दोन शब्द सुनवायचे. बोलायला घरात दुसरं असतंच कोण. द्यायची वस्तू धड द्यावी म्हणून परवापासून तिच्या पायडलच्या दांड्यांतल्या खुंट्यांवर, म्हणजे कॉटरवर, तेल सोडत होते. आज दुपारी दोन्ही काढले आणि त्यातला एक उलटा फिरवून बसवला. कुठला, ते तुम्हाला सांगायला नको. तुम्हाला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं, मला मात्र तुम्ही गेल्यावर कळलं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आई गेली तेव्हा मी सहावीत होते. तुम्ही इथं कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका ऑइल इंजिनच्या कारखान्यात फिटर. घरी येऊन भाकरी थापायला शिकलात, आणि पहिले दोन महिने त्या भाकरीनं पाट्याचं काम झालं असतं. दिवसभर लोकांची इंजिनं आवळायची आणि स्वतःची सायकल मात्र पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला ‘कट्ट’ करायची. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! पायडलचा दांडा ढिला झालेला. रविवारी तुम्ही नट आवळायचात, बुधवारी तो पुन्हा डुलायला लागायचा. "कॉटर झिजलाय, नवा घालाय पायजे," असं म्हणायचात आणि घालायचा नाहीत. शाळेत असताना मला त्या आवाजाचं काही वाटायचं नाही. कोपऱ्यावर ‘कट्ट’ ऐकू आलं की मी चहाचं आधण ठेवायची. पुढं गारगोटीला मास्तरीण झाले आणि मला त्याची लाज वाटायला लागली. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा करून मी एसटीनं यायची, तुम्ही स्टँडवर सायकल धरून उभे असायचात. मी पिशवी मांडीवर घेऊन कॅरिअरवर, आणि आपण अख्ख्या रस्त्याला वर्दी देत निघालेलो. "आबा, लोक वळून बघतात," मी म्हणायची. तुम्ही मागं न बघता म्हणायचात, "बघू देत की. तेवढीच मान मोकळी हुतीया त्यांची."

एका रविवारी तुम्ही न्हाव्याकडं गेला होतात. रविवारचा न्हावी म्हणजे दीड तासाची निश्चिंती. माझ्या पिशवीत बदलीच्या अर्जाचा कोरा कागद होता. कोल्हापुरात जागा निघणार असं शाळेत बोललं जात होतं, आणि गारगोटीच्या त्या खोलीत एकटीनं स्टोव्ह पेटवायचा मला कंटाळा आला होता. मनात सगळं रांगेत लावलं होतं: आधी सायकल दुरुस्त करायची, तुम्ही खूश व्हाल, मग जेवण, मग अर्ज तुमच्यासमोर भरायचा. खरं तर तुमच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, ‘ये पोरी इकडं.’ बस, एवढंच.

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या चाचांकडून दोन नवे कॉटर आणले. बोटाएवढी लोखंडी खुंटी, एका अंगानं तासलेली. ती पायडलच्या दांड्याला मधल्या आसाशी जखडून ठेवते. चाचा म्हणाले, "लावून देऊ का गं?" मी म्हटलं, फिटरची पोर आहे मी. लहानपणी मी एकदा पाटाची सुटलेली खुंटी ठोकत होते, तेव्हा तुम्ही हातोडी हिसकावून घेतली होतीत. "खाली आधार न्हाय आन वरनं काय हाणतीस? मोडंल की!" ते मी विसरले नव्हते. म्हणून स्वयंपाकघरातला लोखंडी खल आणला, पालथा घालून त्याखाली विटा लावल्या आणि दांडा त्यावर टेकवला. नट अर्धा ठेवून ठोकलं, आटे मरू नयेत म्हणून. जुने कॉटर निघाले, नवे बसले. सगळं तुमच्या शिकवणीप्रमाणे झालं. फक्त दोन्ही नट एकाच बाजूला वर, रांगेत दिसले की छान, म्हणून मी दोन्ही कॉटर एका बाजूनं घातले. वर्गातली मुलंही मी तशीच उभी करायची. जुने कॉटर एकमेकांच्या उलट बाजूंनी होते, हे मी पाहिलं होतं. मला ते गबाळेपण वाटलं.

तुम्ही गुळगुळीत दाढी करून आलात. मी बोळातच उभी, हात काळे, तोंडभर हसू. तुम्ही खाली बसलात. हातानं पायडल एकदा फिरवलं. थांबलात. पुन्हा एकदा फिरवलं, सावकाश. मग माझ्या हातांकडं बघितलंत आणि म्हणालात, "बरं केलंस. आवाज गेला बग." उठून हात धुतलेत आणि पिठाचा डबा उघडलात. बस? मला इतका राग आला की काय सांगू. माझा राग नाकावर, ते तुम्हाला माहीत होतंच. मनात म्हटलं, ह्या माणसाला ना सायकलीचं कौतुक ना माझं. हा एकटा सुखात आहे. तो कागद मी पिशवीतून बाहेर काढलाच नाही. सोमवारी पहाटे तुम्ही मला स्टँडवर सोडलंत, तेव्हा कॅरिअरवर बारीक हिसके बसत होते. मला वाटलं, रस्ता खराब आहे.

त्यानंतर तुमचा उजवा गुडघा धरायला लागला. मी गारगोटीहून तेलाच्या बाटल्या आणायची आणि वर ऐकवायची, "वय झालं आता तुमचं." तुम्ही तेल चोळत म्हणायचात, "झालं की." एका शनिवारी आले तर माजघरात खिडकीपाशी एक टेबल होतं, जुनंच, पण पाय घासूनपुसून नीट केलेले. कुणासाठी म्हणून विचारलं. "कारखान्यातलं काढून टाकत हुते. वह्या तपासाय बरं," तुम्ही म्हणालात, आणि मग भाकरी उलटता उलटता माझ्याकडं पाठ करून विचारलंत, "बदलीचं कायतरी म्हणं चाललंय तुमच्यात. तुझं काय झालं?" मी म्हटलं, "नाही झाली. साहेब म्हणाले, जागा नाही." "बरं," तुम्ही म्हणालात. "तिकडं तुझं बरं चाललंय की." त्या दिवशीची भाकरी करपली होती. मी तेही बोलून दाखवलं.

तुम्ही गेलात, तेरावा झाला, पाहुणे पांगले. सायकलीत हवा भरायला म्हणून मी ती हातात धरून चाचांकडं नेली. त्यांनी पंप बाजूला ठेवला आणि दांड्यांकडं बोट केलं. "ह्ये बगितलंस का? घड्याळात सहा वाजल्यावर काटं कसं सरळ ऱ्हात्यात? ह्ये सहाला तीन मिनिटं कमी हाय. दोनी कॉटर एका बाजूनं घातल्यात." मी वाकून बघितलं. "त्यास्नी धा येळा म्हणालतो मी, आणा हिकडं, दोन मिनटाचं काम हाय. म्हणालं, न्हाय, हात लावू नगं. पोरीनं बशिवल्यात." चाचांनी नजर पुन्हा पंपाकडं नेली, कारण मी तिथं त्यांच्या फळीवर बसून रडायला लागले होते. घर ते कारखाना, कारखाना ते घर, सहा वर्षं, एक पाय पोचायचा आणि दुसरा मागं राहायचा. फिटर माणूस तुम्ही. पहिल्या फेऱ्यालाच हाताला लागलं असणार. दुसरा फेरा तुम्ही का घेतलात, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

निवृत्त झाल्यावर इथंच येऊन राहिले. बदली मिळाली म्हणायची, उशिरा. आज दुपारी तोच खल पालथा घातला, त्याच विटा नसल्या तरी विटाच. दोन घाव चुकले, एक अंगठ्यावर बसला. पण एक कॉटर ह्या बाजूनं, दुसरा त्या बाजूनं घातला. पायडल हातानं फिरवलं, एकदा आणि मग पुन्हा एकदा, सावकाश. सहाच्या ठोक्याला सरळ. आवाजही नाही. मी थोडा वेळ बोळात तशीच बसून राहिले, हात काळे ठेवून, जणू न्हाव्याकडून कुणी परत येणार आहे. मग उठून चहा टाकला, एक कप.

हे तुमच्या त्या टेबलावर लिहिते आहे. वह्या तपासायला ते कधी लागलं नाही. लिहून झालं की हे त्याच्याच खणात ठेवीन, कुठं पाठवणार? खणात तो अर्जाचा कागदही आहे, पिवळा पडलेला, घडीवर फाटत आलेला. आज तो उघडून बघितला. नुसता कोरा आहे, आबा. साहेब ‘जागा नाही’ असं म्हणालेच नव्हते. मी त्यांना विचारलंच नव्हतं.