एका वेळी एकच काडतूस

चिंचणी, १० नोव्हेंबर १९६४

आज ह्यांनी माझं ऐकलं! बोटीवरच्या भाऊजींना घरी काडतुसं भरायचं कोणतं यंत्र आणायचं ते कळवायचं होतं. ह्यांना हवं होतं फिरत्या माथ्याचं, भराभर चालणारं. इंग्रजी कॅटलॉग मीच वाचून दाखवला आणि म्हटलं, "एका वेळी एकच काडतूस भरणारं घ्या. परवा एकात दोनदा दारू घातलीत, मी पाहिलं म्हणून, नाहीतर बंदूक तोंडावरच फुटली असती."

"डुकरं वाडीत शिरल्यावर एकेक भरत बसू?"

"बसा. मला तुमचे डोळे हवेत."

फार बोलले का मी? पण हे हसले. पत्रात लिहिलं, "वहिनीने निवडलंय तेच आण." निवडलंय! मला इंग्रजी शिकवणाऱ्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर आज असत्या, तर त्यांना हे पत्र नक्की दाखवलं असतं.