पाठीतली सुई

उमेळे, सकाळ

उन्नती, बाळे,

अक्षर वाकडं येतंय, कारण मी पडूनच लिहितेय. उठून बसले की डोकं असं ठणकतं की डोळ्यांपुढे अंधारी येते. आडवी झाले की थांबतं. सिझेरियनच्या वेळी पाठीत भुलीची सुई दिली, तिच्या छिद्रातून मणक्यातलं पाणी झिरपतंय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सासूबाई रोज म्हणायच्या, "पानी पी, कॉफी पी, उतरेल." उतरलं नाही. आज माझ्याच हातातलं रक्त काढून पाठीत भरणार आहेत. ते गोठलं की छिद्र बुजेल म्हणे. मी चिरागला विचारलं, "पुन्हा पाठीतच? आणि पाय गेले तर?" तो म्हणाला, "मी दाराबाहेरच आहे."

संध्याकाळ

झालं. रक्त आत जाताना पाठ फुटेल असं वाटलं, मी ओरडले. बराच वेळ निजवून ठेवल्यावर नर्स म्हणाली, "बसा आता." मी बसेना. शेवटी तिनेच खांद्याला धरून बसवलं. डोळे मिटून मी डोक्यातल्या कळेची वाट पाहिली. ती आलीच नाही. बाळाला पहिल्यांदा बसून पाजलं. तरी छिद्र पुन्हा उघडेल म्हणून शिंकायचीसुद्धा भीती वाटतेय.

तुझी तारीख जवळ आलीय. काल फोनवर तू विचारलंस, "ताई, ती सुई दुखते का गं?" मी म्हणाले, "मुंगी चावल्यासारखी." म्हणून हे तुला पाठवत नाही. तू बाळंत झालीस की मात्र रोज फोन करेन, आणि बाळाच्या आधी तुलाच विचारेन, "बसल्यावर डोकं दुखतं का?"

तुझी,
हेमांगीताई