येशू, मरिया, योसेफ दुसऱ्या ओळीत

शनिवार, श्रीगोंदा. संध्याकाळ.

चालला एकदाचा! उद्याच्या मिस्साची, चर्चमधल्या रविवारच्या उपासनेची, गीतं मोठ्या अक्षरांत छापून समोर पडली आहेत.

हा प्रोग्राम आमच्या ह्यांनी, जॉननी लिहिलेला. ते गेले, तरी मी तोच वापरते. नव्या कॉम्प्युटरवर पायथन, म्हणजे प्रोग्रामची भाषा, दोन आहेत, जुना आणि नवा, आणि जॉनचं लिहिणं फक्त जुन्याला कळतं. कोणता हवा ते प्रोग्रामच्या अगदी पहिल्या ओळीत लिही, असं लेकीने, रीटाने, पुण्याहून सांगितलं होतं. लिहिलं की! तरी नवाच पुढे यायचा आणि अडायचा. उद्या म्हाताऱ्यांनी गायचं कसं? रडूच येत होतं. शेवटी पुन्हा फोन केला.

"मम्मी, अगदी वरची ओळ वाच बरं."

"येशू, मरिया, योसेफ."

रीटा हसून हसून बेजार. "अगं, कोणता पायथन हवा ते कॉम्प्युटर पहिल्या ओळीच्या खाली बघतच नाही!"

मी तरी काय करू? शाळेत सिस्टर प्रत्येक पानाच्या माथ्यावर ही नावं लिहायला लावायच्या. हात आपोआप गेला. आता ती ओळ खाली घेतली. पहिली ओळ पायथनला. रागावणार नाहीत ना तिघं? छे.

पानाच्या तळाशी जॉनचं नेहमीचं वाक्यही उमटलं: "शेवटचं कडवं घाई न करता म्हणा."

म्हणू हो, जॉन.