जावयाच्या कोटाची काजं

३ जानेवारी, सकाळी ८
जावयाचा कोट पूर्ण झाला. कापला बन्सीधर टेलरने, बाह्या आणि अस्तरही त्यानेच बसवलं, पण बाकी सगळं मी. आता पुढची दोन काजं तेवढी राहिली. साखरपुडा पंचवीसला. कोट स्वतः हाताने शिवणार असं व्याह्यांना सांगून बसलोय. ते सगळ्या पाहुण्यांना सांगून बसलेत.
पूर्णा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात चौतीस वर्षं दाभणाने गोण्या शिवल्यात. काज म्हणजे काय, कडेने शिवलेलं भोक.

दुपारी
ही म्हणाली, आवो, माज्या सुईत दोरा तरी ओवून द्या, मला दिसंना झालंय. सिद्धम्मा वीस वर्षं घरी बसून बन्सीधरच्या गिऱ्हाइकांची काजं करते. सांगितलं, वेळ नाही, काजांचा अभ्यास चाललाय.

५ जानेवारी
तीन पद्धती आहेत. मशीनचं काज: दोन मिनिटांचं काम, म्हणून बाद. पट्टीचं काज: कापडाच्याच दोन पट्ट्या, मिटलेल्या ओठांसारख्या. सुंदर, पण व्हिडिओतली बाई फार भरभर बोलते. हातकाज: रेशमी दोरा, प्रत्येक टाक्याला गाठ.
फायनल: हातकाज.

६ जानेवारी
फायनल: पट्टी.

९ जानेवारी
हातकाज. हा गोंधळ नव्हे, रिसर्च.

१२ जानेवारी
रुमालावर सराव. एक काज, दोन तास दहा मिनिटं. शिवानीने विचारलं, अप्पा, उंदरानं कुरतडलं का हो हे? पोरीचा साखरपुडा आलाय, टेक्स्चर कळत नाही. सराव बंद. सरावाने माणूस भित्रा होतो.

१४ जानेवारी
संक्रांत. सणाला कात्री नको.

१७ जानेवारी
बन्सीधर म्हणाला, सांबप्पा, वहिनीला द्या की, अर्ध्या घंट्यात हातावेगळं करतेत. हसलो. हिचा हात शर्टावर बसलेला. कोट म्हणजे कोट.

१९ जानेवारी, सकाळी ११
कोट खुंटीला टांगला. समोर उभा राहिलो. व्हिडिओप्रमाणे पुरुषांची काजं डाव्या बाजूला. डावी बाजू बघितली, खडूने खुणा केल्या, दोन्ही कापली. 

११.२०
ही आली. कोट खुंटीवरून काढून उलटसुलट बघितला. म्हणाली, डावी बाजू बघणाऱ्याची नसती, घालणाऱ्याची असती. हा तर लेडीज कोट झाला की वो.

११.३०
अंगात घालून तपासलं. तांत्रिकदृष्ट्या तिचं बरोबर.

११.४५
कापलेलं काज बुजत नाही. व्हिडिओत यावर एक अक्षर नाही. बेजबाबदार लोक.

२१ जानेवारी
शिवानीने परभणीहून जावयासाठी, म्हणजे मल्लेशसाठी, रेडिमेड कोट आणला. मी गेलो नाही, गुडघा दुखत होता. आमचा कोट बन्सीधरने शिवानीच्या मापाचा केला. दुपारी उन्हात बसून हिने काजं केली. चाळीस मिनिटं. टाके मुंग्यांच्या रांगेसारखे, एकही इकडे तिकडे नाही. शेजारी बसून बघत होतो. देखरेख कुणीतरी करायला हवी.

२५ जानेवारी
साखरपुडा झाला. सकाळी गारठा होता, शिवानीने साडीवर कोट घातला. व्याही वाकून काजं बघत राहिले. म्हणाले, सांबप्पा, मशीनलाबी असं जमत न्हाई, तुमचा हात लय साफ हाय.
शिवानी माझ्याकडे बघत होती. पाणी प्यालो. मग सांगितलं, हे हिचं काम. तीनच शब्द, पण वेळ लागला.
व्याही लगेच हिच्याकडे वळले. लग्नातल्या त्यांच्या कोटाची काजं आता हिनेच करायची. मला कुणी काही विचारलं नाही.

२६ जानेवारी, सकाळी ९
हिने माझी नेमणूक केली. काम: सुईत दोरा ओवून देणे. पाचव्या प्रयत्नात ओवला. ही म्हणाली, वीस वर्षांत पहिल्यांदा.

दुपारी
दोरा ओवायच्याही तीन पद्धती आहेत. उद्या एक फायनल करतो.