जीव म्हशीत अडकला

मुक्काम लातूर, दवाखान्याची पायरी

माननीय रामकिशनदाजी यांना अण्णारावचा पायरीवर बसूनच रामराम. तुमची तब्येत, बिलोलीकडलं पाणी आणि लक्ष्मीअक्काचा राग, तिन्हींचं कसं काय हाय? (तिसऱ्याचं विचारायला मला तोंड न्हाई, ठाऊक हाय. पोराच्या लग्नात मानाचा फेटा तुमच्याआधी सरपंचाला बांधला, ती माझीच चूक. पण तुम्हीही भरल्या ताटावरून उठायला नको होतं. असो, भांडायला पत्र लिहीत न्हाई.)

तर आमची आई, म्हणजे तुमच्या सासूबाई, इथं दवाखान्यात हाय. लातूर आता जिल्हा झालाय, तेव्हा इथं सगळंच बरं होत असंल, असं मला वाटलं. डॉक्टरनं पोटाला हात लावून मान हलवली. आता त्रास कमी करायचा, एवढंच हातात हाय, आणि ते काम गुणाबाई सिस्टर करतात. हदगावकडच्या, बौद्ध घरातल्या. आईचं अंग पुसतात, कूस बदलतात, वेणी घालतात, आणि वर मलाच म्हणतात, भाऊ, तुम्ही आधी जेवून घ्या. आणि मी काय केलं? आल्या आल्या सांगून ठेवलं, की आईला पाणी मात्र आमच्या घागरीतलं, आमच्याच हातनं. त्या नुसतं 'बरं' म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, दाजी.

आई खाईना, बोलंना, पण प्राणही जाईना. केवळाबाई चुलती म्हणाली, जीव कशात तरी अडकलाय. मग काय, सगळं गणगोत डोकं लढवायला लागलं. कुणी पुरणाची पोळी नाकाशी धरली, कुणी बोरमाळ हातात दिली. मी छाती ठोकून सांगितलं, जीव तिच्या लाडक्या चांदी म्हशीत हाय. (खरं कुणात अडकलाय ते मला माहीत होतं. पण म्हैस आणणं सोपं, तुम्हाला बोलावणं अवघड.) दुष्काळातल्या जनावरांच्या छावणीतनं म्हैस सोडवली, चालवत आणली आणि वॉर्डाच्या खिडकीखाली उभी केली. आईनं डोळासुद्धा उघडला न्हाई. म्हशीनं मात्र पिंप बघितलं. टँकर आल्यावर सिस्टरनं रोग्यांसाठी भरून ठेवलेलं पिंप! शिंगानं झाकण उडवून तिनं जे तोंड घातलं, ते तळ दिसेस्तोवर काढलंच न्हाई. ओढायला गेलो तर मलाच आडवं केलं. सगळा वॉर्ड खिडकीशी. एका म्हाताऱ्याला हसता हसता ठसका लागला, त्याला पाणी पाहिजे, आणि पाणी म्हशीच्या पोटात.

तेवढ्यात आई 'पाणी' म्हणाली. आमची घागर गणगोतानं चहापायी कधीच संपवलेली. गुणाबाई सिस्टर ओरडल्या न्हाईत. खोलीवर जाऊन स्वतःच्या घरचं पाणी घेऊन आल्या, वॉर्डात वाटलं आणि उरलेला तांब्या माझ्यापुढं धरून म्हणाल्या, घ्या भाऊ, तुमच्याच हातनं पाजा. दाजी, मेल्याहून मेल्यासारखं झालं. तांब्या ओठाला लावला तर पाणी सगळं आईच्या गळ्यावर. शेवटी मीच म्हणालो, बाई, तुम्हीच पाजा. त्यांनी चमच्यानं ओठ भिजवले. आईनं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, 'लक्ष्मे, आलीस व्हय गं?' माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, 'हाव आई, आले.'

तवापासनं कामाची पाळी संपली तरी त्या येतात आणि जरा वेळ लक्ष्मी होऊन बसतात. आई शांत झोपते. गणगोत मी गावी धाडलं. मला वॉर्डात मान वर करून बघता येत न्हाई, म्हणून हितं पायरीवर बसतोय. म्हैस मजेत हाय.

तुमचा मेव्हणा,
अण्णाराव

ता. क. फेटा पिशवीत आणून ठेवलाय. तुम्ही म्हणाल तिथं, म्हणाल त्यांच्यापुढं बांधतो, सरपंचालाही उभं करतो. पण अक्काला घेऊन मिळंल त्या एसटीनं निघा. डॉक्टर म्हणतात, उशीर करू नका.

आणखी एक. पाकीट चिकटवायच्या आधी आईपाशी जाऊन आलो. म्हणलं, लक्ष्मी आली म्हणून बरं वाटतंय ना? तर म्हणाली, 'येडा हाईस का? माझी लेक मला कळत न्हाई व्हय? ती सिस्टर हाय. पण येवढ्या मायेनं आई म्हणती, तिला न्हाई कसं म्हणू? तिला सांगू नको. आणि काय रे, म्हैस आणायला जमली, लेक आणायला जमंना व्हय?'