त्या आठवड्याचा रंग हिरवा होता

रविवार, ५ डिसेंबर १९७१

प्रिय मार्लिस,

माझं सगळं बदललं ते नदीपलीकडच्या कॉलेजविरुद्धच्या फुटबॉल सामन्यात, चार मिनिटं उरलेली असताना मी "निळा अठ्ठावीस" असं ओरडलो त्या क्षणी. तू तिसऱ्या रांगेत उभी होतीस. त्यानंतर चेंडू काखेत मारून मी एकाहत्तर यार्ड एकटा धावलो, ते तू पाहिलंस, अख्ख्या गावाने पाहिलं. आणि गाव आजही जे सांगतं ते पहिल्यांदा तूच म्हणालीस, की आपले दहा आणि त्यांचे अकरा उजवीकडे पळत होते, डावीकडची मोकळी वाट फक्त डुएन कुबिकला दिसली. काय दिवस होते ते! चर्चच्या हॉलमध्ये बायकांनी माझ्या गरम चिली सूपच्या वाडग्याशेजारी दालचिनीचे तीन रोल ठेवले, बाकी पोरांना एकेक. मला चेंडू मागे देणारा आपला लिरॉय तेवढा कुरकुरला, "वा रे हिरो. मी ज्याला आडवा पाडला तो अजून विचारतोय, चेंडू गेला कुठे? आणि खरं सांगू, मलाही माहीत नव्हतं."

लिरॉय थट्टा करत नव्हता, मार्लिस. तेरा महिन्यांत तुला चाळीसेक पत्रं लिहिली असतील, पण हे एकातही लिहिलं नाही. तू कोचच्या घरात वाढलीस, रंगांची भानगड तुला मी काय सांगणार. दर आठवड्याला एकच रंग खरा. चाल पुकारणाऱ्या क्वार्टरबॅकने, म्हणजे मी, ऐन वेळी तो ओरडून आकडा सांगितला की ठरलेली चाल रद्द आणि त्या आकड्याची चाल सुरू. बाकीचे रंग म्हणजे समोरच्यांना चकवायला नुसता आरडाओरडा. त्या गुरुवारी तुझ्या वडिलांनी रंग सांगितला तेव्हा मी मागच्या बाकावर तुला चिठ्ठी लिहीत बसलो होतो. त्या आठवड्याचा रंग हिरवा होता. निळा आधीच्या आठवड्याचा. मी ओरडलो, दहाजणांनी तो आरडाओरडा समजून सोडून दिला आणि ठरल्याप्रमाणे उजवीकडे गेले. मी डावीकडे वळून चेंडू द्यायला हात पुढे केला, तर घ्यायला कुणी नाही. वाट वगैरे काही दिसली नव्हती मला. एकटा पडलो होतो, जीव घेऊन पळालो.

रविवारी तुझ्या वडिलांनी सगळ्यांसमोर सामन्याची फिल्म लावली आणि नेमकी तिथेच थांबवली. पडद्यावर दहाजण एकीकडे, मी दुसरीकडे, हात पुढे केलेला, भिकाऱ्यासारखा. ते म्हणाले, "डुएन, या आठवड्याचा रंग कोणता?" मी म्हणालो, "रंगाचं काय घेऊन बसलात कोच, वाट दिसली, पळालो." "म्हणजे दहाजणांना न सांगता?" "सांगत बसलो असतो तर हरलो असतो." मग ते अगदी हळू बोलले, "लेका, विसरलो म्हण आणि खाली बस. पुढची फिल्म लावू." एवढंच मागत होते ते. पण माझं डोकं तुला माहीत आहे. "जिंकून दिलं तरी तुमच्या पोटात दुखतंय," असं म्हणून मी खुर्ची लाथाडली. संध्याकाळपर्यंत वह्या, कॉलेज, संघ, सगळं सोडून कॅन्ससच्या बसमध्ये होतो. आणि तू माझी बाजू घेतलीस. वडिलांशी बोलणं टाकलंस, त्यांच्याबरोबर जेवणं टाकलंस. "वीस वर्षांच्या पोरावर जळतात ते," असं तू दुकानात उभी राहून बोललीस, हे लिरॉयने मला कळवलं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. लाज त्यानंतर बऱ्याच दिवसांनी वाटली.

आता आनंदाची बातमी. काल आम्ही अजिंक्यपद जिंकलं. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचं हे कॅन्ससमधलं धुळीतलं कॉलेज, इथे सगळे कुठून ना कुठून हाकललेले, आणि या मोसमात अकरापैकी अकरा सामने आमचे. काल माझ्या हातून चार टचडाउन झाले. पण खरं सुख त्यात नाही, मार्लिस. काल मी एकोणीस वेळा ऐन वेळी चाल बदलली. एक शब्द ओरडायचा आणि दहा माणसं एकदम वळायची, जणू एकच अंग. शेवटच्या चालीला समोरचा धिप्पाड गडी मला खिजवत होता, "ओरड की पोपटा, ओरड." मी ओरडलो. माझे दहाही जण वळले, एकटा तोच चुकीच्या बाजूला गेला. एकाहत्तर यार्ड पळालो तेव्हा इतकं भरून आलं नव्हतं.

सामना संपल्यावर कुंपणाशी कोण उभं असेल? तुझे वडील. म्हणाले, "तुला बघायला नाही आलो, तुमचा तो सत्तर नंबरचा पोरगा आमच्या संघासाठी बघायला आलोय." मी हेल्मेट काढलं आणि म्हणालो, "कोच, हिरवा होता. मी विसरलो होतो." ते हसले, तुला ठाऊक आहे तसे, फक्त नाकातून. "तेरा महिने लागले तीन शब्दांना. जानेवारीत कॉलेजात नाव घाल. रोज सकाळी सहाला मैदानावर. खुर्च्या आम्ही आता जमिनीला ठोकून ठेवल्यात."

मी परत येतोय, मार्लिस. क्वार्टरबॅक म्हणून.

मग मी विचारलं, मार्लिसला तुम्ही हे का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "गावात हसं झालेला क्वार्टरबॅक परत येत नाही. आणि तिला सांगणं माझं काम नव्हतं." म्हणून हे पत्र. एका वाक्यात ते तुझा राग घालवू शकले असते. ते वाक्य त्यांनी माझ्यासाठी गिळलं आणि तेरा महिने एकटे जेवले. तू ज्या पोराच्या प्रेमात आहेस, त्याला वाट दिसली होती. मी तो नाही. हे कळल्यावर जानेवारीत मला भेटायचं की नाही ते तू ठरव, मी भांडणार नाही. पण आज रात्री आधी त्यांच्याबरोबर जेवायला बस. ते आज सकाळी नऊला गाडी काढणार आहेत, रात्रीपर्यंत घरी पोचतील. माझ्या खिडकीतून दिसताहेत, रस्त्यापलीकडे कॉफी पिताना. पत्र त्यांच्याच हाती देतोय, पाकीट न चिकटवता, त्यांना वाटलं तर त्यांनीही वाचावं. गणवेश धुवायचा पडलाय, खोलीभर काल रात्रीचा पसारा आहे. राहू दे. कोट चढवला. बाहेर पडतोय, आणि दार ओढून घेतोय.

तुझाच, तू ठेवलंस तर,
डुएन